वाट विचारा : ऑक्टोबरातली गोल फेरी, चढायचं कुठनं नि उतरायचं कुठनं

पाऊस ओसरला की आपल्याकडं दोन बोलणी एकदम सुरू होतात, एक उसाच्या तोडीची आणि दुसरी "कुठंतरी डोंगरात जाऊया की" ची. पहिल्या बोलण्यात आमचं काही चालत नाही, दुसऱ्याची पत्रं मात्र सगळी या सदराकडं येतात. या महिन्यात बऱ्याच जणांना एकच हवंय, गावात गाडी लावायची, डोंगर चढायचा, आणि आल्या वाटेनं परत न येता फिरून त्याच गावात उतरायचं. म्हणून हा अंक सगळा गोल फेरीलाच दिलाय.

प्रश्न (इचलकरंजी) : आम्ही चौघं मित्र, दोन बाईक. दिवाळीच्या आधी एक रविवार मोकळा आहे. मसाई पठार ऐकून आहे पण सगळे पन्हाळा ते पावनखिंड असं सरळ चालत जातात. आम्हाला गाड्यांकडं परत यायला लागणार. गोल फेरी होते का? कुठल्या गावातनं सुरू करू, आणि कुठल्या बाजूनं?

होते की. पण पुरती गोल नाही, पळीसारखी होते, म्हणजे दांडा एकच आणि पुढं वाटी. चढायचा-उतरायचा तुकडा तोच, आणि वर पठारावर गेलं की एका कडेनं जायचं, दुसऱ्या कडेनं यायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं एवढ्यावरच समाधान मानावं असं माझं मत आहे, कारण उतरायची वाट आपण सकाळीच पायानं बघून ठेवलेली असते आणि दमलेल्या माणसाला संध्याकाळी नवी वाट शोधायला लागत नाही.

गाव म्हणाल तर म्हाळुंगे. पन्हाळ्याच्या पश्चिमेला, पठाराच्या पायथ्याला. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटून विशाळगडाकडं गेले ती वाट हीच, पन्हाळ्याच्या राजदिंडीनं खाली उतरून म्हाळुंग्यावरनं पठारावर आणि तिथनं पुढं कुंभारवाडी, खोतवाडी करत. दर जुलैत हजारो पोरं चिखल तुडवत या वाटेनं जातात, त्यामुळं पायवाट चांगली मळलेली आहे. ऑक्टोबरात मात्र तिथं तुम्ही, गुरं आणि गवत कापणारी माणसं, एवढंच.

आता दिशा. ही गोष्ट लोक सगळ्यात शेवटी ठरवतात आणि मला विचाराल तर ती सगळ्यात आधी ठरवायची असते, फुलं कुठली दिसतील आणि फोटो कुठं चांगला येईल हे नंतर. म्हाळुंग्याकडचा चढ पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे ऊन वर आलं की सगळं पाठीवर. ऑक्टोबर हीट म्हणजे नुसतं ऊन नव्हे, ढग गेलेले असतात, जमीन अजून ओली असते, त्या ओलीची वाफ होत असते आणि वारा पडलेला असतोय, त्यामुळं घाम येतो पण वाळत नाही. एप्रिलपेक्षा पारा कमी असून माणूस लवकर गळपटतो तो यामुळं. तेव्हा सूर्य उगवायला आणि तुमचं पहिलं पाऊल पडायला एकच गाठ पाहिजे. ऑक्टोबरच्या मध्याला कोल्हापुरात साडेसहाच्या थोडं आधी उजाडतंय. इचलकरंजीतनं पाचच्या आत निघा म्हणजे चढ गारव्यात होतो. दुपारनंतर उतरताना उलट फायदा, ऊन डोंगराच्या मागं गेलेलं असतं आणि हीच बाजू सावलीत येते.

वर गेल्यावर सावलीचं नाव काढू नका. मसाई पठार म्हणजे जांभ्याचा सडा, खाली काळा बेसॉल्ट आणि वर लालसर जांभा, त्यावर वीतभर सुद्धा माती नाही, मग झाड धरणार कुठं. मसाई देवीच्या देवळापर्यंत जायचं, तिथं जेवायचं, उन्हाचा ताव जरा कमी झाला की दुसऱ्या अंगानं परत फिरायचं. पठाराच्या कड्यात पांडवदरा म्हणून जुनी लेणी आहेत, ती बघायची असतील तर गावातला एखादा माणूस बरोबर घ्या, त्याला दिवसाचे पैसे द्या, आणि घासाघीस करू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कडेनं जायचं म्हणजे कड्यावरनं जायचं नव्हे! पावसाळ्यात वाढलेलं गवत कड्याच्या पुढं लोंबत असतं, वरनं बघितलं तर जमीन अजून दोन पावलं आहे असं वाटतं आणि ती नसते. जांभ्याला भेगा पण असतात, त्या पण गवतानं झाकलेल्या. दहा-पंधरा हात आत राहूनच चाला, खालची दरी तिथनं पण तेवढीच दिसते.

प्रश्न (कागल) : अशी फेरी स्वतः आखायची तर किती वेळ लागेल हे कसं काढायचं? ॲपवर दाखवतं दोन तास आणि होतात पाच.

ॲप सपाट रस्त्याचा हिशेब करतंय. डोंगराचा जुना आणि सोपा हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये सांगून ठेवलाय : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर जेवढं चढायचं त्यातल्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. समजा तुमची फेरी १२ किलोमीटरची आणि चढ ३०० मीटरचा, तर साधारण दोन तास पंचवीस मिनिटं अधिक अर्धा तास, म्हणजे तीन तासाच्या आतबाहेर. पण हा हिशेब थंड देशातल्या, न थांबता चालणाऱ्या, धडधाकट माणसाचा. आपल्या ऑक्टोबरात, भाकरी खायला बसणार, फोटो काढणार, एकाची चप्पल तुटणार, त्यात निम्मा वेळ वाढवा. साडेचार तास धरा. बरोबर लहान पोरं असतील तर दुप्पट धरा आणि गप्प बसा.

मग उलटीकडनं मोजत या. ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या दरम्यान सूर्य मावळतोय, नोव्हेंबर संपता संपता सहाच्या आतच. त्याच्या दोन तास आधी तुम्ही उतारावर असायला पाहिजे, म्हणजे चार. आता फेरीच्या मधोमध पोचायची वेळ ठरवा आणि ती कागदावर लिहा. गोल फेरीत हा एक घोळ असतोय, सरळ जाऊन परत येणाऱ्या वाटेवर कुठनंही मागं वळता येतं, पण गोल फेरीत निम्म्याच्या पुढं गेलात की मागं जाणं हे पुढं जाण्यापेक्षा लांब पडतं, आणि मग माणसं "आता आलोच आहे तर" म्हणत अंधारात उतरतात. निम्म्यावर पोचायची वेळ टळली असेल तर तिथनंच मागं फिरा, डोंगर कुठं जात नाही.

नकाशा हवा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे बघायला शिका, त्यात उंचीच्या रेषा दर २० मीटरला असतात. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की माळ. इंग्रजी व्ही सारखं टोक चढाच्या बाजूला गेलेलं असेल तर तो ओढा, टोक उताराच्या बाजूला आलेलं असेल तर ती सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. एवढं जरी कळलं तरी निम्मं काम झालं, का ते पुढच्या पत्रात सांगतो. मोबाइलवर नकाशा वापरणार असाल तर घरातनं निघायच्या आधी डाउनलोड करून ठेवा, दरीत रेंज जाते आणि रेंज शोधता शोधता बॅटरी पण.

प्रश्न (गारगोटी) : आमच्या गावामागच्या डोंगरावर आम्ही लहानपणापासून जातो. यंदा पाव्हणे येणार आहेत, त्यांना वरनं फिरवून ओढ्याच्या बाजूनं खाली आणावं म्हणतोय, पाणी पण आहे, सावली पण आहे. बरोबर ना?

नको. तुमचं गाव, तुमचा डोंगर, तुम्हाला मी काय सांगणार, पण ओढ्यानं खाली यायचा बेत मला पटत नाही. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, त्यामुळं उतार एकसारखा नसतो, थोडा उतार मग एकदम पायरी, परत उतार परत पायरी. ओढा त्या पायऱ्यांवरनं उड्या टाकत जातो, त्याला काय. माणूस तिसऱ्या पायरीवर जाऊन अडकतो, खाली वीस फुटाचा कडा आणि वर ज्या शेवाळ्यावरनं घसरत आला ते परत चढता येत नाही. ऑक्टोबरात हे शेवाळं अजून जितं असतं, वरनं वाळल्यासारखं दिसतं आणि पाय ठेवला की निसटतं. उत्तरेकडं तोंड असलेल्या उतारांवर तर दिवाळी झाली तरी ओल हटत नाही, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतोय.

आपली जुनी माणसं सोंडेनं चढायची आणि सोंडेनंच उतरायची, ते काय उगाच नाही. सोंडेवर दोन्ही बाजूचं दिसतं, वाट चुकली तर कळतं, आणि गुरं पण तिथनंच जातात. फक्त ढोरवाट आणि माणसाची वाट यात फरक करा. गुरांना गावात जायचं नसतं, चरायला जायचं असतं, त्यामुळं त्यांची वाट आडवी-तिडवी फुटत जाते आणि एखाद्या झुडपाशी संपते. माणसाच्या वाटेवर कोयत्यानं छाटलेली फांदी दिसते, दगड बाजूला सारलेला दिसतो, कुठंतरी गुटख्याची पुडी पण दिसते, दुर्दैवानं.

पाव्हण्यांना ओढ्याचं पाणी दाखवायचंच असेल तर फेरी संपल्यावर खाली गावाजवळ दाखवा, पाय सोडून बसा, चहा सांगा.

प्रश्न (कोल्हापूर, राजारामपुरी) : मागच्या वर्षी गेलो तर घरी येऊन मोज्यातली कुसळं काढण्यात रात्र गेली. यावर उपाय? आणि फुलं नेमकी कधी?

कुसळाचं एक बघा, ते हातात धरून नीट बघितलं की राग निम्मा होतो. एका टोकाला टोकदार बी, त्यावर बारीक केस, सगळे मागं वळलेले. दुसऱ्या टोकाला लांब शेपूट, पीळ घातलेलं. हवेत ओल आली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या पिळण्या-उलगडण्यात ते बी स्वतःला मातीत घुसवून घेतं. तुमचा मोजा त्याला माती वाटतो, एवढंच. त्यामुळं शेपटाला धरून ओढलं की मागं वळलेले केस अडतात आणि बी आतच तुटून राहतं. टोकाच्या बाजूनं पुढं ओढून काढा, मोज्याच्या आत हात घालून, मग सरळ निघतं. त्याहून बरं म्हणजे लोकरीचे किंवा सुती जाड मोजे घालूच नका, गुळगुळीत नायलॉनची ट्रॅकपँट घोट्यापर्यंत, त्यावर जमलं तर गेटर, म्हणजे बुटावरनं पोटरीपर्यंत बांधायचं कापडी आवरण. आणि बसायचं तर दगडावर बसा, गवतावर नको.

फुलांचं म्हणाल तर तुम्ही उशीर करताय. सड्यावरचा बहर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा, त्यात पण पाऊस कधी थांबला त्यावर पुढं-मागं. पाणी झिरपत असतं तिथं बोटाएवढी निळी-जांभळी सीतेची आसवं असतात, दिसायला नाजूक पण मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्या फुग्यात पाण्यातले सूक्ष्म जीव धरून खातात, कारण जांभ्याच्या मातीत नत्र नावालाच. पाणी आटलं की ती संपली. पांढरे गेंद पण तसेच. पिवळी सोनकी जरा दम धरते, तेरडा उतारावर आणि बांधावर राहतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटाला गेलात तर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि वाळत चाललेलं सोनेरी गवत, बास. मला स्वतःला तेच जास्त आवडतं. हवा धुऊन निघालेली असते, लांबचं दिसतं, आणि गर्दी ओसरलेली असते. बरोबर दुर्बीण असली तर धोबी नि गप्पीदास बघा, हे थंडीचे पाव्हणे याच दिवसांत येतात.

प्रश्न (जयसिंगपूर) : ऑक्टोबरात पाऊस नसतो असं धरून चाललं तर चालेल ना?

नाही चालणार. परतीचा पाऊस आपल्याकडनं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो असं म्हणायचं, पण जाता जाता तो दुपारी तीन-चारला असा काही दणका देतो की जुलैतला बरा. आणि जुलैच्या पावसात वीज कमी, या पावसात जास्त. सड्यावर तुमच्याएवढं उंच दुसरं काहीच नसतं, हे लक्षात आलं की बाकीचं सांगायला लागत नाही. दुपारी बाराच्या पुढं ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगून वर चढायला लागला की भाकरी गुंडाळा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदाच्या आत ऐकू आलं तर तुम्ही टप्प्यात आहात, पठार सोडा, सोंडेच्या खालच्या अंगाला उतरा. एकट्या झाडाखाली नको, कपारीच्या तोंडाशी नको, सगळ्यांनी एकमेकांना धरून घोळक्यात नको. उतरायला वेळच नसेल तर लांब लांब, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय परत वर जायचं नाही.

म्हणून पण पहाटे निघा म्हणतोय, नुसतं उन्हासाठी नाही.

प्रश्न (गडहिंग्लज) : आम्ही सात-आठ बायका, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. भाऊबीज झाली की एक दिवस फक्त आमचा. गुडघे सगळ्यांचे कुरकुरतात. गोल फेरी झेपेल का? जेवणाचं आणि बाकीच्या सोयीचं काय?

ताई, झेपेल, पण दिशा उलटी-सुलटी करू नका. गुडघ्याला चढ दुखवत नाही, उतार दुखवतो. चढताना छाती भरते, ते थांबलं की बसतं, पण उतारावर प्रत्येक पावलाला अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो. त्यामुळं डोंगराची उभी बाजू चढायला घ्या आणि लांब, सावकाश बाजू उतरायला. बहुतेक जण उलट करतात, सोप्या बाजूनं हसत-खेळत वर जातात आणि उभ्या बाजूला संध्याकाळी रडतात. हातात काठी घ्या, विकतचीच पाहिजे असं नाही, वेळूची चालते, फक्त उतरताना ती पुढं टेकून मग पाय टाका. पावलं छोटी.

जेवणाचं गावात आदल्या दिवशी फोन करून सांगता येतं, बऱ्याच गावांत बचत गटाच्या बायका भाकरी, झुणका, खर्डा, दही असं करून देतात, आणि त्यांच्या घरचं संडास-बाथरूम पण वापरायला मिळतं, हे मी सोय म्हणूनच सांगतोय कारण वर काहीच नाही. भाऊबीजेच्या सुमारास गावात भाताची कापणी-मळणी जोरात असते, कुणाला वेळ नसला तर वाईट वाटून घेऊ नका. पाणंदीतनं चाला, भाताच्या बांधावर एका ओळीनं चाला, आणि कापून टाकलेल्या भातावर पाय देऊ नका, कुणी काही बोलणार नाही पण बघत असतंय.

पाणी माणशी तीन लिटर. ओझं वाटेल, पण गावात परत येईपर्यंत रिकामं होतंय. सोबत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसची पाकिटं.

प्रश्न (राधानगरी) : गव्यांची भीती वाटते. आमच्याकडं आता शेतात पण येतात. फेरीत समोर आला तर?

तुमच्या भागात गवा आहेच, दाजीपूरचं अभयारण्य त्याच्याच नावानं ओळखलं जातं, तेव्हा भीती नाही, सावधगिरी ठेवा. कळप दिसला तर लांबनंच थांबा, त्याला जायला वाट द्या. एकटा नर जास्त बेभरवशाचा. पिल्लू आणि आई यांच्या मधे कधी येऊ नका. फोटोसाठी जवळ जाणाऱ्याला मागं ओढा, त्याच्या शर्टाला धरून. गवा फुसफुसून मान खाली घालत असेल तर पाठ न दाखवता हळूहळू मागं या, मोठं झाड किंवा बांध मधे घ्या. पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट रानातनं जाऊ नका, म्हणजे तुमच्याकडच्या फेरीला मी इतरांना सांगितली तशी पहाटेची वेळ लागू नाही, चांगलं उजाडू द्या, सात-साडेसात. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

गव्यापेक्षा मला दोन गोष्टींची जास्त काळजी. एक कड्यातलं आग्या मोहोळ, तिथं धूर, सेंट, आरडाओरडा, ड्रोन काही नको. दुसरी घोणस आणि फुरसं. दगडाखाली, बिळात, गवताच्या पेंढीखाली हात घालू नका. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, तो पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन करा. साप मारून दवाखान्यात न्यायची पण गरज नाही, त्यात आणखी एकाला चावायचा.

प्रश्न (कोल्हापूर, पत्त्याशिवाय) : तुम्ही असली नावं छापता आणि मग तिथं गर्दी होते, बाटल्या पडतात. कशाला सांगता?

तुमचा राग बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. मसाई पठाराचं नाव मी सांगायच्या आधी रीलवाल्यांनी सांगितलंय, आणि रीलमध्ये दिशा, पाणी, वीज काही नसतं. चालत जाणाऱ्यानं सड्याचं नुकसान फार कमी होतं, खरं नुकसान चारचाकी थेट सड्यावर घालून गोल गोल फिरवणाऱ्यांनी होतं. एकदा चाकाखाली ती बोटभर माती दबली की तिथं पुढच्या वर्षी गेंद उगवत नाही. मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे, तिथं गाडी रस्त्यावरच थांबवायची. मी चालत जायला सांगतोय, तेही गावातनं, गावात चार पैसे देऊन. बाटल्यांचं म्हणाल तर पुढच्या अंकात टाकणाऱ्यांना वेगळं झापतो.

प्रश्न (हुपरी) : हसू नका, पण कोल्हापुरी पायताण घालून अशी फेरी करता येते का?

हसत नाही. डोंगरातली म्हातारी माणसं आयुष्यभर त्यावरच फिरली, आणि २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आपलं पायताण आहे, त्याला कमी कोण म्हणतंय. कोरड्या जांभ्यावर जुनं, पायाला बसलेलं, करकरणं थांबलेलं पायताण चांगलं धरतं. नवं मात्र अंगठा सोलतं. ओल्या शेवाळ्यावर चामड्याचा तळ साबणासारखा जातो, आणि कुसळांना घोटा उघडा मिळतो म्हणजे त्यांची दिवाळीच. पाण्यात भिजलं की चामडं फुगतं, शिवण सुटते, आणि मग पैसे गेलेच. तेव्हा फेरीला साधे, तळाला खाचा असलेले कापडी बूट घाला, गावात जे पन्नाशीचे आजोबा वाट दाखवायला येतील त्यांच्या पायात पायताण बघून घ्या, आणि पुढच्या पत्रात मला कळवा कोण आधी उतरलं.